पऱ्हाटी की पराठे

पातूरच्या रस्त्याला पऱ्हाटीचा ओलसर वास आला की मला ती दुपार आठवते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आम्ही विद्यार्थी आणि एक सॉफ्टवेअर कंपनी मिळून, शेतकऱ्याचं बोलणं ऐकून पिकाच्या रोगावर सल्ला देणारं ॲप तयार करत होतो. पहिल्या चाचणीला पातूरकडच्या एक काकू फोनमध्ये म्हणाल्या, “माह्या पऱ्हाटीची पानं लाल पडून राह्यली.” पडद्यावर उमटलं, ‘माझ्या पराठ्याची पानं लाल.’ सगळे हसले. ज्यांचं पीक हातचं जात होतं त्या काकू सोडून. कंपनीचा पुण्याहून आलेला इंजिनिअर नम्रपणे म्हणाला, “काकू, कापूस म्हणा ना.” “कापूस बोंडात रायते, बाबू. झाडाले पऱ्हाटीच म्हणतेत. मले काहून शिकवता? त्याले शिकवा!” इंजिनिअरनं वही उघडली आणि विचारलं, “अजून काय काय म्हणता तुम्ही?” चहा गार होईपर्यंत काकू सांगत राहिल्या, आणि कंपनीवाले, विद्यापीठवाले एकाच बाकावर दाटीनं बसून लिहीत राहिले. परवा आमच्या वावरात आईनं फोन तोंडाशी धरून ‘पऱ्हाटी’ म्हटलं. पडद्यावर पऱ्हाटीच उगवली. माझ्या तोंडून निघालं, “शिकलं बाप्पा!”