हत्तीणबाईंची रांग

आम्ही त्यांना पाठीमागे हत्तीणबाई म्हणायचो आणि हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. देह मोठा, गुडघे दुखरे, चाल डुलत डुलत. एकदा कुणीतरी फळ्यावर साडी नेसलेली, सोंडवाली बाई काढून ठेवली. आता काही आपली धडगत नाही म्हणून आम्ही माना खाली घालून बसलो. बाईंनी चित्र नीट निरखलं, खडू उचलला आणि त्या हत्तिणीच्या मागे लहानमोठे हत्ती काढायला घेतले. "हत्तीण काढली न? मग तिचा कळप कुठाय? पोरंहो, हत्तीच्या कळपाचा मुखत्यार सुळेवाला नर नसतो. तो आपला एकटा भटकतो. कळप चालवते सगळ्यात वयस्क मादी. दुष्काळात पाणी कुठं असते ते तिच्या ध्यानात राह्यते, म्हणून बाकीचे तिच्या भरवशावर चालतात." मग खडूची बोटं झटकत म्हणाल्या, "अन् एखादं पिल्लू मागं पडलं तर कळप थांबतो. हे वहीत लिहा. परीक्षेत येत नाही, तरी लिहा."

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं, घाटाखालचं. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पलीकडच्या गावच्या हायस्कुलात, कपाशीच्या शेतांमधून, एक नाला ओलांडून, पायी. बाई त्या हायस्कुलात भूगोल आणि विज्ञान शिकवायच्या आणि राहायच्या मात्र आमच्या गावात, रशीदचाचांच्या घरामागच्या खोलीत, एकट्या. रशीदचाचा आठवडी बाजारांत कापडाचं दुकान लावायचे. त्यांची थोरली शबाना दहावीत होती, मी आठवीत. बाईंचं पाणी शबाना भरायची आणि त्या बदल्यात बाई तिचं गणित घ्यायच्या. शबानाला नर्स व्हायचं होतं. तिच्या घरात तोवर दहावीपर्यंत कुणीच पोचलेलं नव्हतं, त्यामुळे तिची दहावी हा बाईंचाच ध्यास होऊन बसला होता.

"पाठ करू नका, पाय ठेवा," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. पुस्तकात टुंड्रा, तैगा, गवताळ प्रदेश, वाळवंट असे धडे होते. आम्ही घाट चढून कधी बुलढाण्याला गेलो तरी परदेशी जाऊन आल्यासारखं सांगायचो, आम्हाला टुंड्रा काय कळणार! बाईंनी आमच्या शाळेच्या वाटेचंच जग केलं. मुरमाड माळ आला की वाळवंट. नाल्याकाठचं कमरेएवढं गवत म्हणजे गवताळ प्रदेश. पाटलांची आमराई म्हणजे पावसाचं जंगल, कारण तिथं भर दुपारी ऊन खाली पोचायचं नाही. टुंड्रा राहिला होता. तर एक दिवस दूध डेअरीतून बर्फाची लादी मागवली, वर्गाबाहेर ठेवली आणि एकेकाला चप्पल काढून तिच्यावर उभं केलं. "आता सांग, इथं मोठं झाड काऊन उभं राहत नाही?" पोरगं थयथय नाचत म्हणालं, "बाई, पाय बधिर झाले!" बाई खूश. "बस, मुळांचं तसंच होते. खालची माती गोठलेली, मुळं जातील कुठं?" घरी हे सांगितलं तर माझा बाप म्हणाला, "शाळा हाय का सर्कस?" पण बर्फ वितळेपर्यंत उभा राहायला तोही आला असता, असा माझा अंदाज आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर नाल्यापाशी मोटारसायकली यायला लागल्या. शेजारच्या गावची टवाळ पोरं. आधी नुसत्या शिट्ट्या, मग गाडी आडवी घालणं, मग एकीची ओढणी ओढली. त्या संध्याकाळी पारावर बैठक बसली आणि त्या पोरांच्या बापाकडे जाण्याऐवजी आमच्या लोकांनी काय ठरवलं, तर पोरींची शाळा बंद! मला आजही ते आठवलं की डोकं तापतं. चोर मोकळा आणि घरमालकाला कुलपात घाला, असा हा न्याय.

बाई घरोघर फिरल्या. आमच्या ओट्यावर बसून बापाला म्हणाल्या, "भाऊ, नाल्यावर कुत्रं भुंकलं म्हणून तुम्ही म्हैस पाण्यावर न्यायची बंद करता का?"

बाप म्हणाला, "म्हैस दूध देते बाई."

माय आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मला वाटलं, आता बाई उठून जातील. पण त्या तिथंच बसून राहिल्या. म्हणाल्या, "मी रोज पोरीयसंग चालते. जितक्या नेईन तितक्या परत आणीन. एक जरी कमी आणली तर मले गावात राहू देऊ नका." हाच शब्द त्यांनी रशीदचाचांना दिला, हाच प्रत्येक दाराशी दिला. त्या शब्दावर आम्ही शाळेत जाऊ लागलो.

आता चालायचं कसं, हेही बाईंनी ठरवून टाकलं. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी एक चित्र पाठवलं होतं. बर्फातून लांडग्यांची लांब रांग चालली आहे आणि खाली लिहिलेलं, की पुढे म्हातारे अन् अशक्त, म्हणजे सगळे त्यांच्या वेगानं चालतात, मधे धट्टेकट्टे, आणि सगळ्यांवर नजर ठेवायला म्होरक्या शेवटी. बाईंना ते इतकं पटलं की वर्गात मोबाइल फिरवला. "पाहा, म्होरक्या म्हणजे पुढं मिरवणारा नाही. मागं राहून सांभाळणारा." तशी आमची रांग लागली. आम्ही आठवीतल्या चिल्ल्यापिल्ल्या पुढे, शबाना आणि मोठ्या पोरी मधे, बाई मागे, एका हातात छत्री, दुसरा गुडघ्यावर. नाला ओलांडला की मागून आवाज यायचा, "सगळ्या आल्या का?" शबाना वळून आमच्यावरून नजर फिरवायची आणि ओरडायची, "हाव बाई, सगळ्या आल्या!" मगच रांग पुढं सरकायची. रोज. पोरं लांबून पाहायची, पण जवळ यायची नाहीत. आम्ही तर चक्क मजेत होतो. गाणी म्हणायचो, बोरं खायचो.

थंडीत एका सकाळी धुकं उतरलं होतं, पुढचं बाभळीचं झाड दिसत नव्हतं. मोटारसायकल समोरून आली, सरळ आम्हा लहान पोरींच्या अंगावर. मी मागं सरकले, पाय घसरला आणि नाल्यात दगडांवर आपटले. हात कोपरापाशी मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दोघं पोरं गाडी थांबवून तिच्यावर बसूनच हसत होती. मागून बाई ओरडत होत्या, "थांबा, मी आले, मी आले," पण त्या गुडघ्यांनी किती पळणार? आली ती शबाना. तिनं दप्तर फेकलं, सरळ गाडीपाशी गेली, किल्ली उपटली आणि नाल्याच्या डोहात भिरकावून दिली. म्हणाली, "जाय आता, ढकलत ने!" दोघांचं हसू जागीच विरलं. गाडी सोडून पळताही येईना आणि नेताही येईना. तेवढ्यात शेतातली माणसं धावून आली.

त्या दिवसानंतर नाल्यावर एक मोटारसायकल दिसली नाही. माझा हात प्लास्टरमध्ये होता तरी बाप म्हणाला, "आता कोनी येत नाई तिकडं, हात बरा झाला की जाय शाळेत." सगळ्या पोरींची शाळा वाचली. एकीची सोडून. गाडीवरची पोरं बड्या घरची होती. गाव जमलं, चौकशी झाली, भांडण मिटवलं गेलं, आणि या सगळ्यात दहा तोंडांनी एकच नाव घेतलं गेलं, शबाना. कुणी म्हणे धीट, कुणी म्हणे जास्तच धीट, कुणी म्हणे त्या पोरांना ती आधीपासून ओळखत असेल. अरे, लाज नाही वाटत? हेच एखाद्या पोरानं केलं असतं तर पारावर शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार झाला असता.

रशीदचाचांनी तिला घरी बसवलं. बाई त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. "चाचा, परीक्षेपुरतं तरी. मी माझ्या संग नेते, माझ्या संग आणते." रशीदचाचा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, तुमच्यावर गुस्सा नाई माझा. पण पोरीचं नाव चौकात आलं. मले अजून दोन पोरी हायेत." दहावीचे पेपर सुरू व्हायच्या आत मलकापूरकडे तिचं लग्न लागलं. मांडव बाईंच्या खोलीच्या दारापुढेच पडला होता. बाई त्या दिवशी दार लावून आत बसल्या, जेवायला आल्या नाहीत.

शबानाशिवाय रांगेनं पहिल्यांदा नाला ओलांडला तेव्हा सवयीनं मागून आवाज आला, "सगळ्या आल्या का?" कुणीच बोललं नाही. बोलणारी नव्हती, आणि दुसऱ्या कुणाची छातीही झाली नाही. त्यानंतर बाईंनी ते विचारायचंच सोडलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाई बुलढाण्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या. आल्यावर वर्गात तेच लांडग्यांचं चित्र पुन्हा काढलं. आवाज अगदी कोरडा होता. "याच्या खाली लिहिलेलं खोटं आहे. कोणीतरी मनानं लिहिलं, अन् मी मास्तरीण असून खरं मानलं. पुढं म्हातारे नाहीत. पुढं सगळ्यात दमाची मादी चालते. बर्फ ती तुडवते, बाकीचे तिच्या पावलात पाऊल टाकतात." एवढं सांगून त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "पुढं मी पाहिजे होती. किल्ली मी काढली असती, तर या बुढीचं नाव चौकात घेऊन कोणाचं काय साधलं असतं?" शिक्षकाला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई पुढं चालायला लागल्या. त्या गुडघ्यांनी! त्यांच्या मागं आम्ही रोज उशिरा पोचायचो आणि हेडमास्तर रोज फाटकापाशी तणतणायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "उशीर माझा लिहा, पोरींचा नाही." निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा क्रम मोडला नाही. आमच्या गावातून त्यांच्या मागे चालत गेलेली प्रत्येक पोरगी दहावी झाली. मीही झाले. आज मी एसटीत कंडक्टर आहे. या नोकरीला दहावी लागते, हे कुणी म्हटलं की मला शबाना आठवते.

माझी गाडी चिखलीला जाते. बाई निवृत्तीनंतर तिथं भावाकडे राहायला गेल्या. गाडी थांबते तेवढ्या वेळात मी त्यांना भेटून यायची. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग तारीख, मग माणसं. ज्यांनी आम्हाला सांगितलं की कळपात म्हातारीला पाण्याची वाट आठवते, त्यांना स्वतःच्या घरात न्हाणीघर सापडेना. मला त्या ओळखत नाहीत. पण कित्येक वर्षांनी तो प्रश्न परत आला. मी दारात पाऊल टाकलं की खाटेवरून विचारतात, "सगळ्या आल्या का?" मी म्हणायची, "हो बाई, आल्या." त्या मान हलवायच्या. नाही. आणि ताट बाजूला सारायच्या. त्यांची भावजय म्हणाली, "कोनाची तरी वाट पाहून राह्यल्या वो. घासच घेत नाहीत."

मी शबानाला फोन केला. ती आधी ताडकन म्हणाली, "मी येऊन काय करू? काय दाखवू त्यायले, दहावीचा निकाल?" मग तिनंच विचारलं, "गुडघे कसे हायेत त्यायचे?" त्याच आठवड्यात ती मलकापूरहून आली, माझ्याच गाडीत बसून. घाट चढताना म्हणाली, "थंडी वाजून राह्यली वं."

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. शबाना खाटेवर त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला. बाईंनी विचारलं, "सगळ्या आल्या का?"

शबाना खाकरली. मग तोच नाल्यावरचा आवाज लावला, "हाव बाई, सगळ्या आल्या!"

बाईंनी तिच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. तिच्या केसांत अकालीच पांढरे डोकावत होते, ओढणी डोक्यावरून घेतलेली होती. बाई तिच्या खांद्यावरून दाराकडे पाहायला लागल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "शबाना नाही आली. तिचा पेपर आहे आज. थांबा सगळ्या."

मी भिंतीकडे तोंड केलं. भावजयीनं ताट आणून खाटेवर ठेवलं. शबानानं मात्र हात सोडला नाही. ताटातला भाताचा एक घास तिनं कालवला, बाईंच्या ओठांपाशी नेला आणि म्हणाली, "थांबू न बाई. येईल ती. तवर दोन घास खाऊन घ्या."

बाईंनी घास घेतला, आणि दाराकडे पाहत चावत राहिल्या.