मलकापूरचा निरोप

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकांवरून हातोहात पुढं जायचं. पप्पांपाशी आलं की ते काहीही न घेता ताट माझ्याकडं सरकवायचे. द्राक्षरसाचे चिमुकले पेले आले की तेही तसेच. मागच्या बाकावरच्या बायका माना वाकवून प्रार्थना करता करता हे बरोबर बघायच्या. पप्पा दारू पितात इथपासून त्यांची दुसरी बाई आहे इथपर्यंत सगळं त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं. पप्पांनी जन्मात कधी तंबाखूसुद्धा खाल्ली नव्हती. मला त्या बायकांचा भयंकर राग यायचा.

खरं कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पप्पा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत वाळूचे साचे भरायचे आणि चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काकांच्या, म्हणजे पप्पांच्या धाकट्या भावाच्या, मुलीनं हुपरीतल्या एका मुलाशी लग्न केलं. चांदीकाम करणारं घर, माणसं चांगली, पण हिंदू. लग्न मांडवात अक्षता टाकून झालं आणि काका बाप म्हणून त्या मांडवात उभे राहिले. त्यावर पंचांची बैठक बसली. बाकीच्यांनी चार शब्द सुनावून विषय मिटवला असता. पण सख्खा भाऊ म्हणून आपण गप्प बसलो तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं पप्पाच उभे राहिले आणि म्हणाले, "त्याचं नाव मंडळीतनं कमी करा."

पुढच्या रविवारी ते भर उपासनेत वाचून दाखवलं गेलं. काका दुसऱ्या बाकावर बसले होते. ते उठले, काकींना खुणेनं उठवलं आणि मधल्या वाटेनं बाहेर पडले. काका शाळामास्तर होते. वर्षभरात त्यांनी मलकापूरला बदली करून घेतली आणि तिकडेच राहिले.

आमच्याकडं प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा असते. कुणाशी वाकडं असेल तर आधी मिटवून या, मगच प्रभुभोजनाच्या मेजाजवळ या, असं पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्या सभेत दर वेळी सांगतात. काका गेल्यावरच्या पहिल्याच अशा सभेनंतर पप्पा तडक एसटीनं मलकापूरला गेले. काकांनी दार उघडलं, पण आमच्यात भेटल्यावर करतात तो सलामही केला नाही.

"चारचौघांत बोललास न्हवं? मग माफी बी चारचौघांत माग," ते म्हणाले. "माझ्या दारात कुजबुजू नगंस."

आणि दार लावून घेतलं.

वितळलेल्या लोखंडाशेजारी उभं राहून ज्यांची हयात गेली, त्या पप्पांना शंभर माणसांपुढं 'चुकलो' म्हणायची हिंमत झाली नाही. पंचपद त्यांनी सोडलं. दर वेळी ठरवायचे, आईकडून पांढरा शर्ट इस्त्री करून घ्यायचे, देवळात बसायचे, आणि उठायचे नाहीत. भावाशी समेट नाही म्हणून मेजावरचंही घ्यायचे नाहीत. यात ते पक्के होते. मी तेव्हा रविवार शाळेत शिकवायचे. फ्लॅनेलच्या फळ्यावर बायबलमधल्या दोन भावांची चित्रं चिकटवायची आणि मुलांना समेटाचा धडा द्यायचा, हे माझं आवडीचं काम. मुलं टाळ्या वाजवायची आणि मी खूश होऊन घरी यायचे.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी पप्पांची छाती गेली. वाळूची धूळ इतकी वर्षं आत गेलेली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. पाळकसाहेब प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन घरी आले. पप्पांनी हातानं ती दूर केली. मला जवळ बोलावलं. एकेका शब्दाला थांबत म्हणाले, "मलकापूरला जा. त्याला म्हणावं, चारचौघांत मागतो. पाळक हायत, शेजारपाजार हाय, सगळी खाटंभोवती बोलावतो. त्यो फकस्त येऊ दे."

त्यांना देवापुढं जायच्या आधी भावाची माफी हवी होती. दुसरं काही नको होतं. बुधवारी सकाळी मी गाडीत बसले.

मलकापूरच्या स्टँडवर उतरले आणि माझे पाय तिथंच अडले. काकांचं घर दहा मिनिटांवर. पण त्या दारातून आमच्या पप्पांना कुत्र्यासारखं परत पाठवलं होतं, आणि आता मी तिथं जाऊन पदर पसरायचा? तो माणूस पुन्हा दार लावणार याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर त्यांनी दार लावावं असंच मला वाटत होतं, म्हणजे माझा राग खरा ठरला असता. स्टँडवर तासभर बसले, एक चहा प्यायले आणि समोर लागलेल्या कोल्हापूर गाडीत चढले.

वाटेत काय सांगायचं ते ठरवलं. "काका म्हणाले, आता चारचौघांचं काही नको. मी कधीच माफ केलंय. त्यांना ताप आहे, म्हणून आत्ता येता येत नाही." पप्पांनी ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा सांगताना मी काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हेही घातलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब पुन्हा आले. पप्पांना गिळताही येत नव्हतं. तरी त्यांनी तो तुकडा तोंडात धरून ठेवला, बराच वेळ, आणि डोळे मिटून घेतले. आई हुंदके देत होती. मला वाटलं, देवानं माझं खोटं पवित्र करून घेतलं. इतकी मी निर्लज्ज होते. शनिवारी पहाटे पप्पा गेले.

मातीला काका आले. केस पांढरे झालेले, अंगात सैल कोट. शवपेटी खाली सोडताना ते सगळ्यांत पुढं होते. लोक पांगायला लागल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बुधवारी तू मलकापूरच्या स्टँडवर हुतीस न्हवं?" त्यांनी विचारलं. "आमच्या शेजाऱ्यानं बघितलं, घरातल्या फोटोवरनं वळखलं. येऊन म्हणला, तुमची पुतणी आलीया."

मी ओल्या मातीकडं बघायला लागले.

"मी धुतलेला शर्ट घातला. काकीनं आधण ठेवलं. सांजंपतोर दारात बसलो, पोरी." त्यांनी सैल कोट सावरला. "मग वाटलं, दादानंच फोन करून तुला माघारी बोलवलं असंल. त्याला मी नगोच असंन. न्हाईतर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आलो असतो की. माझ्याबी मनात लई वर्षं हुतं."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "तसंच झालं न्हवं? त्यानंच नगो म्हणलं?"

तेव्हा खरं बोलले असते तर त्या माणसाला भाऊ परत मिळाला असता, मातीखालचा का होईना. पण मागं चार पावलांवर आई उभी होती, पाळकसाहेब उभे होते. रविवार शाळेची माझी मुलंही हातात फुलं घेऊन आली होती. चारचौघांत मला तोंड उघडवलं नाही.

मी मान हलवली. हो म्हणून.

काकांनी दोनदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि काकींना घेऊन ते गेले. मी रविवार शाळा सोडली. कुणी विचारलं तर वेळ मिळत नाही म्हणून सांगते. काका अजून मलकापुरातच आहेत. दादानं मरतानाही आपल्याला नको म्हटलं, असं समजून तो म्हातारा माणूस रोज सकाळी उठतो, आणि त्याचा तो समज खोटा आहे हे आता फक्त मला माहीत आहे.