मार्युनचा अल्प परिचय

प्रताप देवस्थळी यांनी अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आसपासच्या इमारतींमधल्या लिफ्ट अडतीस वर्षं तपासल्या. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे दाराकडे बघत उभे असतात. इतकी वर्षं साठलेलं बोलणं काकांनी निवृत्तीनंतर बाहेर काढलं. दुर्दैवानं तेव्हा मी शेजारी राहत होतो आणि माझ्याकडे सात सीटांची गाडी होती.

आमच्या मराठी मंडळात पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम काकांकडे. कुणी सोपवलं ते आठवत नाही. काढून घ्यायची हिंमत मात्र कुणालाच झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी काका आणि नीलाकाकू बोटीच्या सहलीला गेले. बोट फेरो बेटांवर थांबली. उत्तर अटलांटिकमधली ही बेटं, धुकं भरपूर आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथल्या एका कॉफीच्या दुकानात मार्युन नावाची बाई गिटार घेऊन स्वतः रचलेलं गाणं गात होती. शब्द एक कळत नव्हता, तरी काकूंच्या डोळ्यांना धार लागली. निघताना काकांनी मार्युनला सांगितलं, "अमेरिकेत आलीस की आमच्याकडेच उतरायचं. तुझे प्रोग्रॅम मी अरेंज करतो."

आपण सगळेच असं म्हणतो. काकूंनी आयुष्यात चारेकशे माणसांना तरी "या एकदा घरी" म्हटलं असेल. फेरोत मात्र बोलावलं की जायचं असतं. गेल्या ऑगस्टमध्ये काकांना विमानतळावरून फोन आला, "मी आले आहे."

सोबत गिटार होती. वाळवलेली मेंढीची तंगडीही आणली होती, ती कस्टम्सनं काढून घेतली. काकू शुद्ध शाकाहारी. त्या चुकचुकल्या आणि मनातल्या मनात त्यांनी कस्टम्सला आशीर्वाद दिला.

मार्युन चौतीस वर्षांची. मासे पॅक करण्याच्या कारखान्यात नोकरी, सुट्टीत गाणं, स्वतः काढलेले तीन अल्बम. कारखान्यातून तीन महिन्यांची रजा काढून ती आली होती आणि येताना सगळ्या गावाला सांगून आली होती की मी अमेरिकेत गाणार. तिची आई रोज फोनवर एकच विचारायची, "गायलीस का?"

काकांनी पहिल्याच दिवशी घरात गायला बंदी घातली. आवाज राखून ठेवायचा होता ना. सकाळी ज्येष्ठमध, रात्री हळदीचं दूध. काकू बिचाऱ्या म्हणायच्या, "मार्युन, ते एक गाणं म्हण गं हळूच." की काका आतून ओरडलेच, "नीला, स्टेजवर ऐक! तिचा व्हॉइस डॅमेज होईल!"

आणि मग आम्ही निघालो. दर शनिवारी एक गाव, दर रविवारी दुसरं, गाडी माझी. इंडियानातल्या पहिल्या मंडळात काकांनी 'अल्प परिचय' करून दिला तो अकरा मिनिटांचा. मिशिगनमध्ये एकोणीस. ओहायोत बत्तीस. बेटं समुद्रातून वर कशी आली इथपासून सुरुवात, मग मेंढ्या, मग बोटीवरचं जेवण, मग लिफ्ट या विषयाचा बेटांशी असलेला संबंध. तोवर जेवणाची वेळ झालेली. अध्यक्ष घाईघाईनं मार्युनच्या अंगावर शाल घालायचे, हातात नारळ द्यायचे आणि वेळेअभावी गाणं रद्द झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायचे. मला तर कधी कधी गाडी तशीच चालवत समुद्रात घालावीशी वाटायची.

मार्युन तक्रार करत नव्हती. तिच्या गावात वडीलधारं माणूस बोलत असताना मध्ये बोलत नाहीत. तिच्या खोलीच्या खिडकीत नारळांची रांग वाढत गेली. आईला ती सांगायची, "आज परत नारळ मिळाला." आई विचारायची, "म्हणजे लोकांना आवडलीस ना?" यावर ती खिडकीतले नारळ मोजायला लागायची. ते मी एकदा पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

परतताना मी काकांना म्हटलं, "काका, परिचय जरा शॉर्ट केला तर?"

"अरे, लोकांना बॅकग्राउंड नको का? डायरेक्ट गाणं सुरू केलं तर त्यांना कळणार काय?"

एकवीस नारळ झाले आणि एकच कार्यक्रम उरला, आमच्याच शॉमबर्गचा. दुसऱ्या दिवशी मार्युनचं विमान होतं. शाळेचं सभागृह पाच वाजता रिकामं करून द्यायचं होतं. दाराशी तिथला केअरटेकर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभाच होता.

काका चार वाजून दहा मिनिटांनी उभे राहिले. साडेचारला बेटं समुद्राबाहेर आली. पावणेपाचला बोट किनाऱ्याला लागली. विंगेत मार्युन गिटार घेऊन उभी होती. हळूहळू तिनं गिटार पेटीत ठेवली आणि झाकण लावलं.

तिसऱ्या रांगेतून नीलाकाकू उठल्या. मंडळाच्या सभेत त्या आजवर कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"अहो, बसा आता."

"टू मिनिट्स, नीला. गाण्यावरच येतोय."

"तुम्हाला गाणं माहीत तरी आहे का? ती गात होती तेव्हा तुम्ही आत जाऊन त्या दुकानदाराला त्याची मालाची लिफ्ट का अडकते ते समजावत होतात. एक ओळ ऐकली नाहीत तुम्ही!"

काका खाली येऊन माझ्या नि काकूंच्या मध्ये बसले. तीन महिने ते एका गाण्याची ओळख करून देत होते, जे त्यांनी ऐकलंच नव्हतं.

मार्युन पेटीतून गिटार काढून स्टेजवर आली. धुक्यात हरवलेल्या मेंढीला दारात उभी राहून हाका मारणाऱ्या बाईचं ते गाणं, हे मला नंतर समजलं. तेव्हा फक्त हाक कळली. पहिल्या ओळीला काका मला काहीतरी सांगायला वाकले, तर पलीकडून काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग ते वाकले नाहीत. मार्युनला घालायची शाल त्यांच्या मांडीवर होती, तिनंच ते डोळे पुसत राहिले.

गाणं चार मिनिटांचं. टाळ्या थांबेनात. केअरटेकरनं घड्याळ दाखवलं. आभार मानायचं कामही काकांचंच, त्यामुळे ते माइककडे निघाले तेव्हा सगळ्या सभागृहानं कपाळाला हात लावला. काका माइकपाशी उभे राहिले.

"आणखी एक," ते म्हणाले आणि स्टेजच्या पायरीवरच बसले.

केअरटेकर थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या आणि तो मागच्या खुर्चीवर बसला. मार्युननं दुसरं गाणं सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या वाटेवर गाडीत मार्युनला आईचा फोन आला. काका मागच्या सीटवर एकविसातला एक नारळ मांडीवर घेऊन बसले होते. मार्युननं आम्हालाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

तिच्या आईचा आवाज आला, आणि भाषा येत नसूनही काय विचारलं ते आम्हा सगळ्यांना कळलं.

मार्युननं उत्तर दिलं आणि वळून काकांना दोन बोटं दाखवली.