भोंगासरांचं जाडं पुस्तक

शाळेत ते खेळाचे सर होते, पण पोरं पाठीमागे त्यांना 'भोंगासर' म्हणत. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून ते "ए, बुटाची नाडी बांध!" असं ओरडले, की कुंपणापलीकडे रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूसही दचकून खाली वाकायचा. फक्कीने रेघा आखाव्यात, शिट्टी फुंकावी, पोरांना पळवावं, यातच त्यांची हयात गेली. पुस्तकांशी मात्र छत्तीसचा आकडा.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी नियम काढला, मधली सुट्टी संपली की अख्ख्या शाळेने गप्प बसून वाचायचं. पोरांनी, शिक्षकांनी, कारकुनाने, शिपायाने आणि झाडू मारणाऱ्या मावशींनीसुद्धा. पुढची घंटा होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"बाई, मला मैदानावरच राहू द्या," सर म्हणाले. "मी नुसता बसलो की झोपतो."

"मग झोपा. पण पुस्तक उघडं ठेवून झोपा."

बाईंवर राग काढायचा म्हणून सरांनी कपाटातलं सगळ्यात जाडं पुस्तक उचललं. उशीला बरं! होड्या बांधणाऱ्या एका घराण्याची गोष्ट होती ती. काही दिवस ते त्यावर छान झोपले. मग एकदा काय झालं देव जाणे, झोप लागेना. सरांनी वैतागून दोन पानं वाचली. गोष्टीतली थोरली लेक बापाशी भांडून घराबाहेर पडली आणि नेमकी तेव्हाच घंटा झाली. आयुष्यात पहिल्यांदाच सरांना घंटेचा राग आला.

तेव्हापासून ते वाचू लागले. ओळीखाली बोट, ओठांची हालचाल, आणि वेग असा की गोगलगायही पुढे जावी. पोरं मैदानावर विचारायची, "सर, ती थोरली लेक आली का हो परत?"

"मला काय माहीत! पळा आधी, फेऱ्या राहिल्यात!"

वर्षं गेली, पण पुस्तक काही संपेना. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी तेच त्यांच्या हातात दिलं. "घरी निवांत संपवा," त्या म्हणाल्या.

घरी निवांतपणा होता, वाचन मात्र होईना. बायको कंटाळली. "अहो, टीव्ही बंद केला, खिडकी लावली, मी श्वाससुद्धा हळू घेतेय. आता तरी वाचा की!"

पण रिकाम्या खोलीतली शांतता निराळी आणि साऱ्या शाळेने मिळून धरून ठेवलेली शांतता निराळी. तिथे कुणी खोकला दाबायचं, कुठे बाक करकरायचं, शेजारच्या वर्गात पान उलटायचं. सरांना त्या आवाजांची अशी आठवण यायची की अक्षरं धूसर व्हायची. एवढा धिप्पाड माणूस, पण अगदी पोरका झाला होता.

शेवटी एके दुपारी पुस्तक काखेत मारून ते शाळेत गेले. बाईंसमोर चुळबुळत म्हणाले, "एवढं संपेपर्यंत इथे बसू का? कुणाला त्रास नाही देणार."

"संपेपर्यंत ना? या की."

व्हरांड्यात, बाईंच्या खुर्चीपलीकडे, त्यांची खुर्ची पडली. ते रोज येऊ लागले. आधीच गोगलगाय, त्यात आता एकच पान दोनदा वाचायचे. आपलं इथलं येणं या पुस्तकाच्या जिवावर आहे, हे ते जाणून होते. पण पुस्तक म्हणजे काही रबर नव्हे. ताणून ताणून किती ताणणार?

एक दिवस थोरली लेक घरी परतली. म्हाताऱ्या बापाने दार उघडलं आणि गोष्ट संपली.

सरांनी पुस्तक मिटलं. सगळी शाळा वाचत होती. घंटेला अजून अवकाश होता, पण उद्यापासून कुठल्या तोंडाने यायचं? त्यांनी मिटल्या पुस्तकावरून हात फिरवला आणि गुडघ्यावर भार देऊन आवाज न करता उठू लागले.

बाईंनी मान वर केली. मिटलेलं पुस्तक पाहिलं. मग त्या उठून आत गेल्या, कपाट उघडलं आणि त्याहूनही जाडं एक नवंकोरं पुस्तक आणून सरांच्या हातात ठेवलं.

सरांचे डोळे भरून आले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. घंटा अजून झाली नव्हती.

भोंगासर मुकाट्याने खाली बसले आणि त्यांनी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.