कडक पुढे, फिका मागे

आमच्या घरात त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना नावं नव्हती. एक होता कडक आणि दुसरा फिका. ही नावं मुलीने खालच्या कॅफेटेरियातल्या चहावरून ठेवली होती. कडक निवडून आला तर परदेशी मुलांचे व्हिसा अवघड होणार, फिका आला तर आहे तसं चालणार, असा माझ्या नवऱ्याचा सिद्धांत होता. आणि मुलीला तिकडे शिकायला पाठवायचं की नाही, हे त्या सिद्धांतावर ठरणार होतं. अडचण एवढीच होती की निवडणूक नोव्हेंबरात आणि विद्यापीठाला होकार कळवायचा एप्रिलअखेर. मधली ही दरी नवऱ्याने जनमत चाचण्यांनी बुजवायला घेतली.

नवरा रुवैसला रिफायनरीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे. सोमवारी पहाटे दुबईतल्या अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमधून निघतो, शुक्रवारी संध्याकाळी परत येतो. प्लँट दुरुस्तीसाठी कधी बंद करायचा, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या दिवशी उघडायचा, हे तो दोन-दोन वर्षं आधी ठरवतो, आणि तो व्हॉल्व्ह खरोखर त्याच दिवशी उघडतो. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट पुरेशी आधी विचारली की कळते, असं त्याचं मत झालंय. व्हॉल्व्हला मत नसतं आणि ते आयत्या वेळी बदलत नाही, हा फरक मी लग्नानंतर बऱ्याचदा समजावून सांगितला आहे.

पहिली चाचणी त्याने आदल्या वर्षीच वाचली. निवडणुकीला वर्षाहून जास्त अवकाश होता. दोन्ही पक्षांनी आपापला माणूस अजून ठरवलासुद्धा नव्हता. पण चाचणीवाल्यांनी हजारभर लोकांना विचारलं होतं, की आज निवडणूक असती तर कोणाला मत दिलं असतं? आज निवडणूक नव्हती, हे विचारणाऱ्याला माहीत होतं आणि सांगणाऱ्यालाही. तरी उत्तर आलं, आलेख आला, आणि शुक्रवारी जेवताना नवरा म्हणाला, "कडक पुढे आहे. आपण पुण्याचा विचार करून ठेवू."

मुलीला प्रवाळांचा अभ्यास करायचा होता.

"पुण्यात समुद्र कुठाय?" मी विचारलं.

"प्रवाळ इथे खोर फक्कानच्या समुद्रातही आहेत," तो म्हणाला. "दीड तासावर."

"बाबा, देअर इज नो युनिव्हर्सिटी अंडर द वॉटर," मुलगी म्हणाली. आमची मुलगी इथेच वाढली. मराठी तिला सगळं समजतं, पण वाद ती इंग्रजीत घालते. त्यात जिंकण्याची शक्यता जास्त, असा तिचा अनुभव असावा.

पुढच्या महिन्यात फिका केसभर पुढे गेला, तेव्हा पुणं मागे पडलं. मग कडक पुढे आला आणि पुणं पुन्हा वर आलं. त्यानंतर ज्या राज्यांची नावं माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी घेतली नव्हती, तिथल्या शेतकऱ्यांना आणि शिक्षिकांना काय वाटतं याची माहिती रुवैसहून फोनवर येऊ लागली. मुलीच्या खोलीतलं सामान काढायचं की ठेवायचं, हे दुसऱ्या खंडातल्या अनोळखी बायकांच्या मनःस्थितीवर अवलंबून होतं. मुलगी कान बंद करून अभ्यास करत होती. हिवाळ्यात तिला प्रवेश मिळाल्याचं कळलं, तेव्हा तिने आधी मला सांगितलं आणि मग विचारलं, "कोण पुढे आहे?" हा प्रश्न आपल्या मुलीने अशा क्षणी विचारावा, याचा मला जेवढा राग आला तेवढा कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचा आला नसेल.

माझा वैताग वाढण्याचं खरं कारण वेगळं होतं. आम्ही अशा देशात राहतो जिथे ईदची सुट्टी उद्या आहे की परवा, हे आदल्या संध्याकाळी चंद्र दिसल्यावर कळतं. खगोलवाले कित्येक महिने आधी सांगून ठेवतात. तरी ऑफिसात कोणीही, मॅनेजरपासून ड्रायव्हरपर्यंत, 'इन्शाल्ला' म्हणतो आणि वाट बघतो. माझा नवराही बघतो. चंद्राच्या बाबतीत तो इतका समंजस आहे. आणि चंद्राचा तर मार्गही ठरलेला असतो.

त्या वर्षी पाडवा आणि ईद लागोपाठ आले. आमच्या आणि शेजारच्या टॉवरमधल्या मराठी कुटुंबांचं पाडव्याचं जेवण असतं, पार्टी हॉलमध्ये. त्या वेळी मोजणीचं काम नवऱ्याकडे आलं, म्हणजे त्याने ते ओढून घेतलं. फेब्रुवारीतच ग्रुपवर त्याने पोल टाकला: येणार, नाही येणार. "आधी विचारलं की लोकांना प्लॅन करता येतं," तो म्हणाला. धडाधड होकार आले. अंगठे आले, फुलं आली, एकाने गुढीचं चित्रही टाकलं. नवऱ्याने दिमाखात बर दुबईच्या एका काकूंकडे श्रीखंडाची ऑर्डर दिली. काकूंनी विचारलं, "दादा, पाडव्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा फोन करता का? सुट्ट्या लागतायत."

"गरज नाही," दादा म्हणाले. "सगळं कन्फर्म आहे."

मग ईदची सुट्टी जाहीर झाली, शनिवार-रविवार जोडून चांगली लांब निघाली, आणि निम्म्या होकारांनी फिरायला जायला बाकूची तिकिटं काढली. पाडव्याच्या दुपारी हॉलमध्ये रांगोळी होती, गुढी होती आणि रिकाम्या खुर्च्या होत्या. 'नाही येणार' म्हणालेली दोन कुटुंबं मात्र व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईवडिलांसकट हजर झाली. दोन्ही घरच्या वडिलांना मधुमेह होता, त्यामुळे श्रीखंडाला त्यांचाही उपयोग झाला नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीने बाकूजवळच्या डोंगरांतले, बर्फातले फोटो पाठवले. मी तिला फोन केला. "तू तर पहिल्या मिनिटाला हो म्हणाली होतीस."

"अगं, तेव्हा कुठे विचार केला होता!" ती मनापासून हसली. "विचारलं म्हणून हो म्हटलं. नाही कशाला म्हणायचं?"

मी हे वाक्य नवऱ्याला शब्दशः सांगितलं. तो फ्रीजमध्ये डबे एकावर एक रचत होता.

"सॅम्पल चुकलं," तो म्हणाला.

"सॅम्पल कसलं? सगळ्यांनाच विचारलं होतंत तुम्ही!"

"हो, पण मार्जिन ऑफ एरर असतोच."

"तो दिसतोय मला. दुधाला जागा उरलेली नाही."

"बाबा," मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "दे लिव्ह इन अवर बिल्डिंग. यू मीट देम इन द लिफ्ट." तिने एक डबा उघडला, चमचा घेतला आणि आपल्या खोलीत गेली. नवरा बराच वेळ फ्रीजचं दार उघडं धरून उभा होता. मला वाटलं, आता सुटलो.

आम्ही सुटलो नव्हतो. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी तो चहा घेऊन बसला आणि फोनवर दोन चाचण्या एकदम उघडल्या. एकीत फिका पुढे होता, दुसरीत कडक. उत्तर दोन दिवसांत द्यायचं होतं. "सोमवारी आणखी एक येणार आहे," तो म्हणाला. "तेवढी बघू."

माझा आवाज चढला. शेजारीपाजारी आहेत याची आठवण मला नंतर आली. त्यांच्यापैकी बरेच जण बाकूहून परतले होते. "अहो, त्या हजार माणसांना विचारून झालं, पुन्हा विचारून झालं. त्यांना स्वतःला माहीत नाही ते नोव्हेंबरात काय करणार. हिला एकदा तरी विचारलंत का?"

तो दचकला. खरंच विचारलं नव्हतं. प्रवेशाचं विचारलं होतं, फीचं, हॉस्टेलचं, थंडीचं. मुलगी सोफ्यावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. त्याने फोन पालथा ठेवला.

"काय गं, तुला काय वाटतं? कडक आला तर?"

"आय डोन्ट नो, बाबा." तिने चटकन उत्तर दिलं नाही, आणि ते मला फार आवडलं. "भीती वाटते थोडी. आय रिअली डोन्ट नो."

"आणि तरी जायचंय?"

"तरी जायचंय," ती मराठीत म्हणाली. वाद घालायचा नव्हता म्हणून असेल.

तो चहा गार होईपर्यंत बसून राहिला, मग म्हणाला, "यल्ला, चल. पाठव होकार." आणि चपला घालून खाली निघून गेला. तो तिकडे काय करत होता ते मला माहीत नाही. वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि हातात तीन कडक चहा होते.

उन्हाळ्यात, ती सामान बांधत असताना, रुवैसहून फोन आला. "अगं, फिक्याने माघार घेतली!" आवाज असा, की घरातलंच कोणी घर सोडून गेलंय. इतके महिने ज्या लढतीचे आलेख आम्ही जेवणाबरोबर गिळले, ती लढत होणारच नव्हती. मी विचारलं, मग त्या सगळ्या चाचण्यांचं काय? "त्या त्या वेळी बरोबर होत्या," तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि मुलीच्या स्वेटरांची घडी घातली.

ऑगस्टमध्ये ती गेली. नोव्हेंबरात कडक जिंकला.

त्या शुक्रवारी नवरा दारातूनच म्हणाला, "मी म्हटलं होतं!"

"तुम्ही दोन्ही म्हटलं होतंत. आलटून पालटून."

"पण सगळ्यात पहिली चाचणी आठव. वर्षभर आधीची. तिने कडकच सांगितला होता."

"समोरचा माणूस वेगळा होता."

"पण जिंकला ना?"

इतक्या लोकांना इतक्या वेळा विचारल्यावर कधीतरी काहीतरी जुळणारच, आणि जुळलं की तेवढंच लक्षात राहतं. मी त्याच्या ताटात वाढलं. टेबलाशी आता आम्ही दोघंच असतो, आणि भाजी अजून तिघांच्या अंदाजाने होते.

"बरं," मी म्हटलं, "ती पहिली चाचणी बरोबर होती असं धरू. त्या दिवशी तुम्ही काय ठरवलं होतंत?"

"पुणं."

"मग?"

त्याने घास तसाच हातात धरला. तिच्या खुर्चीकडे बघितलं. त्याच शुक्रवारी दुपारी तिने एक फोटो पाठवला होता, गळ्यापर्यंत पाणबुड्यांचा काळा रबरी पोशाख, केस ओले, तोंडभर हसू. तो त्याने ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता, हे मला त्याच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून आधीच कळलं होतं.

"म्हणजे बरं झालं," तो म्हणाला, "मी माझं ऐकलं नाही."

मग त्याने दुसऱ्या हाताने फोन उचलला आणि विचारलं, पुढच्या पाडव्याचा पोल आत्ताच टाकून ठेवू का?