मायच्या पायाखालची फरशी

माय आंधळी होत चालली होती आणि मी तिच्या घरात फरशी टाकायला निघालो होतो. पहिली गोष्ट मला ठाऊक नव्हती. दुसरी मी अख्ख्या वाटूर गावाला सांगत सुटलो होतो.

मायला डोळ्यांचं दुःख कमी आणि भीती जास्त होती. आपल्याच घरात कुणीतरी हात धरून चालवेल, चुलीपासून उठवून बाजेवर बसवेल, आणि मंग मरेपर्यंत ती बाज सुटायची न्हाई, ही भीती. आमच्या गल्लीत एका म्हातारीचं तसंच झाल्तं. सुनेनं चांगल्या मनानंच बसवलं होतं तिला, पण म्हातारी बसली ती बसलीच, पुन्हा कुणी तिला भाकरीचं पीठसुद्धा मळू दिलं न्हाई. म्हणून मायनं दोन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला न्हाई. हे सगळं मला मागाहून कळलं. पण तुम्ही आधीच ऐकून ठेवा, म्हणजे माझा शहाणपणा किती होता ते बराबर मापात दिसेल.

मी तेव्हा मंठ्याच्या बाजूला एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. आमच्या वस्तीतला पहिला मास्तर. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, परतूर तालुका परभणीत होता, आणि दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाल्ते. बाप आधीच गेल्ता. दुष्काळात मायनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, दिवसभर उन्हात, हातोडी घेऊन. त्या खडीवरून आता एष्टी जायची, आणि माझी माय घरी मातीच्या जमिनीवर उकिडवी बसून दर चौथ्या दिवशी शेणानं सारवायची. गुडघे धरून उठायची, भिंतीला हात लावून उभी राहायची. ते बघून मला वाटायचं, लेक मास्तर झाला त्याचा उपयोग काय? भिंतीला हात ती गुडघ्यांसाठी लावत न्हाई, हे मास्तरच्या डोक्यात कधी शिरलं न्हाई.

मी शहाबादी फरशी आणवली. परतूर स्टेशनापासून बैलगाडीत आली, दोन खेपांत. दारात थप्पी लागली तेव्हा लोक बघायला आले. आमच्या वस्तीत बुद्धाच्या तसबिरीखाली मातीचीच जमीन असायची सगळ्यांच्या घरी, दगडाची पहिली आमचीच होणार होती. मी थप्पीपाशी असा उभा राहिलो होतो की जणू खाण मीच खोदली.

गवंडी परतूरचा. म्हातारा मुसलमान माणूस, सगळे त्याला चाचाच म्हणायचे. कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते पुन्हा सांगायचा न्हाई. त्यानं थप्पीकडं बघितलंसुद्धा न्हाई. आधी घरातली जमीन टिकावानं उकरली, ढेकूळ हातात घेऊन चुरलं आणि म्हणाला, ही काळी आहे. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यावर फरशी टाकली तर दोन वर्षांत सगळी उचकटेल. हातभर काळी काढायची, मुरूम भरायचा, पाणी पाजून धुमसानं, दांड्याच्या जड ठोकळ्यानं, चोपायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा चोपायचा. फरशी तर काय, कुणीही टाकेल. काम खालच्या थराचं आहे, असं त्याचं म्हणणं. मला घाई होती. मी म्हणालो, जल्दी न्हाई का होणार? त्यानं धुमस माझ्या हातात दिला.

आठवडाभर आमचा संसार अंगणात. चूल बाहेर, भांडी बाहेर, बाज लिंबाखाली. त्या आठवड्यात मायला दोनदा ठेच लागली, एकदा तर भरली घागर सांडली. बाहेरची सवय न्हाई तिला, असं मी बायकोला म्हणालो. बायकोनं सांडलेली घागर उचलली आणि पुन्हा पाण्याला गेली. आता वाटतं, तेव्हा तिनं मला दोन शब्द ऐकवायला पाहिजे होते.

गुरुवारी मुरमाचा थर पुरा झाला. पायाला टणक लागायचा, टाच मारली तर खणखण. चाचानं त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या, कुठली ओळ कुठून जाणार ते ठरवायला. दुसऱ्या दिवशी जुम्मा, तो परतूरला निघाला. जाताना बजावलं की शनिवारी येऊन चुना-वाळूच्या मालावर फरशा बसवतो, तोवर घरातल्या सगळ्यांना सांगा, यावर काही करायचं न्हाई. मी मान हलवली. सांगितलं मात्र कुणाला न्हाई. एवढ्या रेघा मारल्यात, ज्याला त्याला दिसतीलच की.

शुक्रवारी मी शाळेत, बायको कापूस वेचायला. माय घरात गेली. तिच्या पायाला उघडा, खरबरीत, नुकता चोपलेला मुरूम लागला. आमच्याकडं जमीन चोपली की तिसऱ्या दिवसाच्या आत सारवायची, न्हाईतर पोपडे सुटतात. हे माझ्या मायला तिच्या मायनं शिकवलं होतं. तिला वाटलं, वर फरशी येणार असली तरी खालची जमीन सारवायला पाहिजे, पोरांना कामाच्या गडबडीत ध्यान राहिलं नसेल. तिनं शेण कालवलं आणि अख्खं घर सारवून काढलं.

त्या दिवशी आम्ही दोघंही अंधार पडल्यावर आलो, अंगणातच जेवून निजलो, आत कुणी डोकावलं न्हाई. शनिवारी सकाळची शाळा करून मी आलो तर चाचा दारात उभा होता. आत हिरवट, वाळत आलेली जमीन, बोटांच्या अर्धगोल रेघा उमटलेली. मला आधी काही कळेना. चाचानं सांगितलं, शेणावर माल धरत न्हाई. वर फरशी बसवली तर खाली सुटी राहील, चालताना पोकळ वाजेल, कडा फुटतील. सगळं खरडून काढायचं, वरचा थर उकरून पुन्हा चोपायचा. दोन दिवस वाया.

माझं डोकं फिरलं. तसा माझा राग नाकावरच असतो. माय मागल्या दारातून पाण्याची बादली घेऊन येत होती. मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

"दिसत न्हाई का तुला? एवढ्या पांढऱ्या रेघा मारल्यात, दिसत न्हाई?"

मायनं बादली खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"न्हाई दिसत, बाबा," ती म्हणाली.

ती उलट उत्तर देते असंच मला आधी वाटलं. मी पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात चाचानं माझ्या दंडाला धरलं आणि जमिनीकडं बोट दाखवलं. सारवलेल्यात मधी मधी तळहाताएवढ्या जागा कोऱ्या सुटल्या होत्या. एका ठिकाणी दोन थर चढले होते. माझ्या मायच्या हातून जन्मात कधी बोटभर जागा सुटली नव्हती. बायका तिचं सारवण बघायला यायच्या. मी त्या कोऱ्या जागा एकेक करून बघितल्या. उंबऱ्यावरच बसलो.

मंग हळूहळू सगळं बाहेर आलं. बायकोला माहीत होतं. मिठाचा डबा जागच्या जागी ठेवायचा, वाटेत काही टाकायचं न्हाई, हे दोघींचं ठरलेलं होतं, आणि मायनं तिला शपथ घातली होती. मी तिच्यावर चिडलो तर ती शांतपणे म्हणाली, तुम्ही एकदा तरी विचारलं का त्यांना? सोमवारी रजा टाकून मायला जालन्याला डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार न्हाई, म्हणाले. थेंब घालत जा, उजेड-अंधार एवढं राहिलं तर नशीब.

येताना एष्टीत मी तिला विचारलं, मंग दोन वर्षं घरात चालत कशी होतीस? ती म्हणाली, पायानं. दाराशी जमीन खोलगट होती, मधल्या लाकडी खांबाच्या, मेढीपाशी उंचवटा, रांजणाजवळ गारवा, चुलीपाशी राखेनं मऊ. पाय टेकला की कळायचं कुठं आहे ते. आणि मी काय केलं होतं? ती जमीन हातभर खोल उकरून बाहेर फेकली होती. चाचाला वर बजावलं होतं की अशी सपाट करा, ताटातलं पाणी हललं न्हाई पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आल्यावर मी त्याला म्हणालो, फरशी राहू द्या. परत मातीच करू, पूर्वीसारखी उंच-सखल करू. चाचा काही बोलायच्या आत माय बोलली. ती थप्पीपाशी उभी होती आणि तिचा तळहात वरच्या फरशीवर होता.

"लोकांच्या रस्त्याला दगड फोडले मी. माझ्या घरात दगड नको का? टाक फरशी. पण मला इचारून टाक."

मंग तिनं थप्पीतल्या फरशा एकेक करून खाली घ्यायला लावल्या. खडी फोडलेला हात तो. फरशीवरून एकदा फिरवायची आणि सांगायची, ही गुळगुळीत, तिकडं. ही खरबरीत, इकडं ठेव. दुपार झाली तोवर दोन ढीग झाले. खरबरीत फरशांची एक ओळ उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, तिथून फुटून एक रांजणाकडं, एक मागल्या दाराकडं, आणि बाकी घर गुळगुळीत, असं तिनं ठरवलं. चुलीच्या आधीच्या फरशीवर टाकीचे तीन आडवे घाव घालायचे, म्हणजे विस्तवात पाय जायचा न्हाई.

चाचा डोकं खाजवत राहिला. चाळीस वर्षं एकसारखी फरशी बसवण्यात त्याची इज्जत होती. परतूरपर्यंत लोक हसतील, म्हणाला, चाचालाच दिसेना झालं म्हणतील. माय हसली. आठवडाभरात पहिल्यांदा हसली. म्हणाली, मंग माझ्याकडं पाठवा त्यांना, मी सांगते कुणाला दिसत न्हाई ते.

शेणाचा थर चाचानं आणि मी खरडून काढला. मुरूम पुन्हा भिजवला, पुन्हा चोपला. या वेळी मी घाई केली न्हाई. धुमस मारताना मनात एकच चालू होतं, की एवढ्या पोरांना रोज फळ्यावर काय लिहिलंय ते वाचायला लावतो आणि घरातलं माणूस मला वाचता आलं न्हाई. फरशा बसल्या, मधल्या फटी भरल्या, ओली पोती टाकून आठवडाभर माल मुरू दिला. शेवटच्या दिवशी चाचानं तीन घाव घातले, आणि अंगठ्यानं दाबून त्यांच्या कडा टोचत तर न्हाईत ना ते बघितलं.

मंग मायला बोलावलं. ती उंबऱ्याशी आली. मी सवयीनं तिचा हात धरायला पुढं झालो, तर चाचानं मानेनंच न्हाई म्हटलं. मी हात मागं घेतला.

मायनं चप्पल काढली. उजवा पाय टेकवला, जरा घासला, मंग डावा. दोन पावलं थांबत थांबत टाकली, तिसरं सरळ. मेढीच्या बाजूनं गेली, मेढीला हात न लावता. एकदा पाय गुळगुळीतवर सरकला, तसा तिनं तो लगेच मागं घेऊन ओळीवर आणला. तीन घावांच्या फरशीवर पोचली, अंगठ्यानं घाव चाचपले, बरोबर तिथंच थांबली आणि खाली बसली. काड्यापेटी हाताशी होतीच. चूल पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं.

मी बाहेरच उभा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चाचासमोर ते पुसायची लाज वाटत होती. आतून आवाज आला.

"दारात काय उभा राह्यलास? ये की आत. दिसत न्हाई का तुला?"

मी चप्पल काढली आणि तिच्या ओळीवरून आत गेलो.