साडूंच्या पुस्तिकेतली पहिली पायरी

आपलं सॉफ्टवेअर अडलं की ज्यांच्या गिऱ्हाइकांना आनंद होतो, असे अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आमचे साडू एकटेच. खत-बियाण्यांच्या दुकानांसाठी बिलं करणारा एक प्रोग्राम त्यांनी चिखलीत घरबसल्या लिहिला. उंद्रीपासून दुसरबीडपर्यंतचे दुकानदार तो वापरतात, आणि बिल अडलं की साडूंना फोन लावतात. साडू बिलाचं आधी विचारतील तर शपथ! "मायचा गुडघा कसा हाय? तेल लावून राह्यले का नाही?" इथून त्यांची गाडी सुटते आणि पोरीच्या सोयरिकीला वळसा घालून बिलावर येते. तोवर बिल बहुधा आपोआप निघालेलं असतं. साडूंच्या ताटातली भाजी मात्र थंड झालेली असते.

शेवटी त्यांच्या बायकोचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, संयम सुटला. "तुमचं लगन माह्यासंग झालं, का या दुकानदाराईसंग?" असं तिने विचारलं, तेव्हा दुकानदारांना फोन न करताच अडलेलं बिल काढता यावं म्हणून साडूंनी पुस्तिका काढायचं मनावर घेतलं. स्वतः लिहायला बसले की त्यांना जांभया येतात, म्हणून काम एआयला दिलं. त्याच्याशीही ते वऱ्हाडीतच भांडत. त्याने 'वापरकर्त्याने नोंद जतन करावी' असं लिहिलं की हे कडाडत, "वापरकर्ता कोन बे? आपल्याकडं दुकानदार असते. त्याले समजन असं लिह!" एकदा तर त्याने प्रोग्राममध्ये नसलेल्याच 'चुकलेलं बिल परत आणा' या बटणाचं मोठ्या ऐटीत वर्णन केलं. साडूंनी ते बटण आधी स्वतःच्याच प्रोग्राममध्ये शोध शोध शोधलं. मग म्हणाले, "सांगून राह्यला तं बरोबर. असं बटन पाहिजेच होतं." आणि खपून बटणच बनवून टाकलं. पुस्तिकेतली चूक निस्तरायला प्रोग्राम बदलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे, याला आपली भाषा कळावी म्हणून साडूंनी फोनवरच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं एआयला दिली. त्याने ती फारच मनावर घेतली. नव्या प्रतीत 'बिल निघत नसल्यास' या मथळ्याखाली पहिली पायरी होती, 'आईच्या गुडघ्याची विचारपूस करावी.' दुसरी, 'प्रिंटरची वायर पाहावी.' मी पोट धरून हसलो. साडू ओशाळले आणि त्यांनी पहिली पायरी काढून टाकली. पण तोवर उत्साहाच्या भरात ती कच्ची प्रत संग्रामपूरच्या एका दुकानदाराला पाठवून झाली होती.

पुस्तिका झकास झाली. इतकी झकास, की पेरणीचा हंगाम लागला तरी फोन वाजेना. साडू गरम गरम जेवू लागले, आणि दोन घास कमीच खाऊ लागले. "आता मले कोनी काऊन फोन करन, साडूभाऊ?" असं मला हसत म्हणाले, पण मला फार वाईट वाटलं.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पहिलाच घास घेतला आणि फोन वाजला. संग्रामपूरचाच तो दुकानदार. साडूंनी उष्ट्या हाताने स्पीकर लावला.

"काय अडलं गा?"

"अडलं काही नाही, भाऊ. दुसरी पायरी पाह्यली अन् बिल निंगालं. पहिली राह्यली ना."

"पहिली कोनती?"

"मायच्या गुडघ्याची. किती दिवस झाले, तुमी इचारलंच नाही."

साडू सावरून बसले आणि त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली. मेहुणीने त्यांच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.